माल 'पाठवला', 'पाठवलाय' की 'पाठवला होता'? इंग्रजीतले काळ आणि व्याकरणाची घोकंपट्टी

ओतकाम
सोमवार, रात्री ९.१२

राम राम मंडळी. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत डिस्पॅच बघतो. परदेशी गिऱ्हाइकांना मेल लिहायचं कामही माझ्याच गळ्यात आहे. मराठी मीडियम, पाचवीपासून इंग्रजी, बारा काळांचा तक्ता तोंडपाठ. आजही झोपेतनं उठवून विचारलं तर फ्यूचर परफेक्ट कंटिन्युअसचं सूत्र सांगीन. ते जन्मात एकदाही वापरायला लागलं नाही, ती गोष्ट वेगळी.

गेल्या आठवड्यात इंग्लंडच्या गिऱ्हाइकाला लिहिलं, 'वुई हॅड डिस्पॅच्ड द मटेरियल ऑन मंडे.' साहेबाचं लगेच उलट उत्तर. मग आता माल कुठं आहे? परत आला का? काय अडचण झाली? मी चक्रावलो. कास्टिंग पॅक होऊन, चलन, ई-वे बिल सगळं बैजवार होऊन ट्रक न्हावा शेव्याला पोचलेला. म्हटलं 'हॅड'मुळं घोटाळा झाला असंल, म्हणून परत लिहायला घेतलं, 'वुई हॅव डिस्पॅच्ड द मटेरियल ऑन मंडे.' तर मागं उभी असलेली आमची सातवीतली पोरगी म्हणते, "पप्पा, हे पण चुकीचंय." का चुकीचंय? तर "ऐकायला कसंतरी वाटतंय." बास, एवढंच कारण. तिला प्रेझेंट परफेक्ट हे नावसुद्धा धड सांगता येत नाही. शाळा मात्र इंग्लिश मीडियमची.

म्हणजे ज्याला बारा काळ पाठ आहेत तो चुकतोय आणि जिला एक पाठ नाही ती बरोबर. आता मला दोन गोष्टी सांगा. हे 'पाठवला'चं त्रांगडं सोडवायचं कसं? आणि ते व्याकरण आम्ही मार खाऊन शिकलो ते कशासाठी?


नाद खुळा
सोमवार, रात्री ९.२०

सोपं आहे भावा. साहेबाला मराठी शिकव.


पुण्यात अडकलेला
सोमवार, रात्री ९.४१

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या मुलीनंच दिलंय. व्याकरण गुंडाळून ठेवा. मी पण मराठी मीडियमचा, कागलचा. आयटीत लागलो तेव्हा मीटिंगमध्ये तोंड उघडायच्या आधी मनात सूत्र जुळवायचो, 'सब्जेक्ट प्लस हॅज प्लस थर्ड फॉर्म', आणि तेवढ्यात लोक पुढच्या विषयावर गेलेले असायचे. मग दोन वर्षं नुसत्या इंग्लिश सीरियल बघितल्या, क्रिकेटची कॉमेंट्री ऐकली, आता व्यवस्थित चाललंय. दादोबा पांडुरंगांनी मराठीचं व्याकरण लिहिलं १८३६ साली. त्याच्या आधी ज्ञानोबा-तुकोबांचं काही अडलं होतं का?


पेन्शनर बाई
सोमवार, रात्री १०.३५

ओतकाम, तुमच्या साहेबाचं काही चुकलं नाही. आणि मराठीच्या हिशेबानं तुमचंही चुकलेलं नाही. मी तेहतीस वर्षं आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवलं. ही 'हॅड' मी हजारो वह्यांत तांबड्या शाईनं खोडली असेल. पण ती येते कुठून, हे पोरांना सांगायला हवं असं मला पहिली दहा वर्षं सुचलंच नाही. नुसतं खोडत राहिले.

मराठीतला 'होता' दोन कामं करतो. 'मी स्टँडवर पोचलो तोवर गाडी सुटली होती.' इथं दोन घटना आहेत, सुटणं आधीचं, पोचणं नंतरचं. इंग्रजी 'हॅड' नेमकं हेच काम करते. पण आपण असंही म्हणतो, 'गेल्या वर्षी आम्ही काशीला गेलो होतो.' इथं दुसरी घटना कुठं आहे? कुठंच नाही. गोष्ट जुनी आहे, संपलेली आहे, गप्पांच्या ओघात काढली आहे, एवढंच त्या 'होतो'तून कळतं. ह्या दुसऱ्या कामाला इंग्रजीत 'हॅड' लागत नाही, तिथं साधं 'वेंट'. आपण मात्र 'होता' दिसला की 'हॅड' ठेवून मोकळे होतो.

आता साहेबाच्या बाजूनं बघा. त्यानं 'हॅड डिस्पॅच्ड' वाचलं आणि पुढच्या घटनेची वाट बघत बसला. पाठवला होता, मग काय झालं? तुम्ही तिथंच पूर्णविराम दिलात. त्याला जो संशय आला तो मराठीतही येतो बरं का. पावसात भिजत घरी आलेला पोरगा 'छत्री नेली होती' म्हणाला की आई विचारतेच, मग कुठं हरवून आलास?

दुसऱ्या वाक्याचं दुखणं वेगळं. मराठीत 'कालच पाठवलाय की ओ' हे वाक्य शंभर टक्के शुद्ध आहे. 'पाठवलाय'बरोबर 'काल', 'सोमवारी', 'मागच्या महिन्यात' काहीही बसतं. इंग्रजीत 'हॅव डिस्पॅच्ड' म्हणजे आत्ताची बातमी असते. माल निघालेला आहे, आता तो वाटेवर आहे, एवढंच ते सांगतं. कधी निघाला हे त्याला विचारायचंच नाही. 'सोमवारी' म्हटलंत की तुम्ही खिळा मागं नेऊन ठोकलात, मग क्रियापदही मागंच न्यायचं, 'वुई डिस्पॅच्ड इट ऑन मंडे.' दोन्हींतलं एक घ्यायचं. सोमवार तरी किंवा हॅव तरी.

'धिस मॉर्निंग'ची गंमत सांगते. सकाळी अकराला तुम्ही म्हणू शकता, 'आय हॅव सेंट थ्री मेल्स धिस मॉर्निंग', कारण सकाळ अजून चालू आहे. दुपारी चारला तेच म्हणायचं तर 'आय सेंट'. मेल त्याच, सकाळही तीच. फक्त ती संपली.


ओतकाम
सोमवार, रात्री १०.५०

बाई, हे बारावीपर्यंत एकानंही असं सांगितलं नाही. आमच्या सरांनी 'ॲक्शन जस्ट कम्प्लीटेड' असं फळ्यावर लिहिलं आणि खाली रेघ मारली. माझा माल सोमवारी म्हणजे जस्टच निघाला होता की!


पेन्शनर बाई
सोमवार, रात्री १०.५८

तुमच्या सरांना कशाला नावं ठेवू, मीही तेच लिहायची.


नाद खुळा
सोमवार, रात्री ११.०२

बाई, "निघाला होता" म्हणाला बघा तो. आता ट्रक परत आला का विचारा.


बिंदू चौक
सोमवार, रात्री ११.४०

विद्यापीठात भाषाविज्ञान शिकतोय, म्हणून तोंड घालतो.

बाईंनी जे सांगितलं ते हान्स रायशेनबाख नावाच्या तत्त्वज्ञानं १९४७ मध्ये फार नेटकं मांडलं होतं. त्याच्या मते काळ कळायला तीन बिंदू लागतात. एक, आपण बोलतोय तो क्षण. दोन, घटना घडली तो क्षण. तीन, आपण ज्या जागेवर उभं राहून घटनेकडं बघतोय तो क्षण. लोक तिसरा विसरतात, आणि सगळी भानगड त्या तिसऱ्यातच आहे.

'डिस्पॅच्ड' म्हणजे आपण मनानं सोमवारी गेटवर उभं राहून ट्रक सुटताना बघतोय. 'हॅव डिस्पॅच्ड' म्हणजे आज ऑफिसात बसून मागं बघतोय. 'हॅड डिस्पॅच्ड' म्हणजे मधल्या कुठल्यातरी दिवशी, समजा बुधवारी, उभं राहून त्याच्याही मागच्या सोमवारकडं बघतोय. साहेबाला तो बुधवार सापडेना, म्हणून त्यानं विचारलं.

त्या बारा काळांच्या तक्त्याविषयी पण एक सांगतो, शिव्या घालू नका. क्रियापदाचं रूप बदलून होणारे काळ इंग्रजीत दोनच आहेत असं बरेच व्याकरणकार मानतात. वॉक आणि वॉक्ड, संपलं. भविष्याला वेगळं रूपच नाही, 'विल' लावून भागवतात. बाकीचं सगळं त्या दोनांवर हॅव, बी, आयएनजी असे थर चढवून तयार होतं. तीन गुणिले चार बारा हा शिकवायच्या सोयीचा चौकटीचा कागद आहे.


नाद खुळा
सोमवार, रात्री ११.४४

मग उरलेल्या दहा काळांसाठी खाल्लेल्या छड्यांची भरपाई कोण देणार?


सातवी गल्ली
मंगळवार, सकाळी ७.१५

मी राजारामपुरीत एमपीएससीचा अभ्यास करतोय. बाई, आम्हाला एवढा विचार करायला वेळ नसतो, एका प्रश्नाला मिनिटही मिळत नाही. क्लासमध्ये ट्रिक दिल्यात. 'सिन्स' दिसलं की हॅव, 'यस्टरडे' दिसलं की सेकंड फॉर्म, 'बाय नेक्स्ट इयर' दिसलं की विल हॅव. मार्क पडतात. अजून अशा ट्रिक असतील तर टाका.


पेन्शनर बाई
मंगळवार, सकाळी ८.०५

बाळा, मार्कांसाठी चालतंय. पण 'सिन्स' दिसलं की डोळे मिटून हॅव लावलंस तर 'सिन्स यू आर हिअर, हॅव टी' ह्या वाक्यात काय करशील? इथं सिन्सचा अर्थ 'आलाच आहेस तर' असा आहे. आणि 'इट इज टेन इयर्स सिन्स वुई मेट' हेही चांगलं इंग्रजी आहे, त्यात हॅव कुठंच नाही. पेपर काढणारा मनुष्य हुशार असेल तर ट्रिक पाठ केलेल्यालाच आधी गाठतो.

चहा घेऊन बस अभ्यासाला.


गंगावेस
मंगळवार, सकाळी १०.३०

आता जरा आमचं ऐका. पुण्याची मराठी धरून इंग्रजी शिकवता म्हणून पोरं चुकतात. कोल्हापुरीत इंग्रजी काळ आधीच हायत.

पुणेकर म्हणतो 'मी जेवतोय'. आपण म्हणतो 'मी जेवाय लागलोय'. 'काय कराय लागलाईस?' 'मेल लिवाय लागलोय.' हा सरळ प्रेझेंट कंटिन्युअस. ह्या घटकेला हातात असलेलं काम. रोजच्या कामाला आपण असं बोलतच नाही. 'मी रोज सकाळी रंकाळ्याला फिराय जातो' म्हणतो, 'रोज जाय लागलोय' कोण म्हणत नाही. झालं की सिंपल आणि कंटिन्युअस वेगळं!

आणि 'आय ॲम हॅविंग टू बफेलोज' म्हणणाऱ्यांसाठी माझी टेस्ट. आधी कोल्हापुरीत बोलून बघा. 'माझ्याकडं दोन म्हशी असाय लागल्यात.' हसू आलं का? मग इंग्रजीत पण आयएनजी लावू नका. 'मला त्याचं नाव माहीत असाय लागलंय.' न्हाई जमत. मग 'आय ॲम नोइंग' पण न्हाई. 'हॅविंग लंच' मात्र चालतंय, कारण जेवाय लागलोय.


ओतकाम
मंगळवार, सकाळी १०.४२

गंगावेस, लई भारी! चाळीस वर्षं जे बोलतोय ते व्याकरण आहे हे आज कळलं.


बिंदू चौक
मंगळवार, सकाळी ११.२०

गंगावेस, तुमची टेस्ट मी चोरणार आहे. पण दोन ठिकाणी ती दगा देते, ते सांगतो.

'आता मला समजाय लागलंय' हे कोल्हापुरीत सहज चालतं. पण त्याचा अर्थ 'समजायला सुरुवात झाली' असा होतो, 'मला समजतं' असा नाही. म्हणून 'आय ॲम अंडरस्टँडिंग' बरोबर ठरत नाही. तिथं 'आय अंडरस्टँड' किंवा 'आय ॲम बिगिनिंग टू अंडरस्टँड'.

दुसरं, 'धा वर्षं झाली, हितंच ऱ्हाय लागलोय.' आपल्या वाक्यात काम चालू आहे, म्हणून माणूस लिहितो 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स'. इंग्रजीत मागून सुरू होऊन आत्तापर्यंत आलेलं काम 'हॅव बीन लिव्हिंग' मागतं. आणि दहा वर्षं ही लांबी आहे, म्हणून 'फॉर'. 'सिन्स' कधी, तर सुरुवातीची खूण सांगायची असेल तेव्हा, 'सिन्स २०१५'. मराठीत दोन्हीला 'पासून' चालतं, 'दहा वर्षांपासून' आणि '२०१५ पासून', म्हणून इथं सगळ्यांचा पाय घसरतो.

गंमत अशी की 'लागलोय' हे रूप मुळात 'लागलो आहे', म्हणजे घडणीनं परफेक्टच. सुरुवात झालेली आहे, म्हणजे काम चालू आहे, असा अर्थ सरकत गेलेला दिसतो.


पुण्यात अडकलेला
मंगळवार, दुपारी १.१०

एवढं सगळं डोक्यात ठेवून कोण बोलणार? माझा मुद्दा तसाच आहे. ऐका, वाचा, बोला. बिंदू चौक, तुमच्याच शास्त्रात स्टीफन क्रॅशन म्हणून गेलेत ना, की भाषा अंगी भिनते ती कानावर पडून, नियम शिकून नाही?


बिंदू चौक
मंगळवार, दुपारी २.००

क्रॅशनचं निम्मंच सांगितलंत. तो म्हणतो, शिकलेले नियम बोलणं तयार करायच्या कामी येत नाहीत, पण तयार झालेलं तपासायच्या कामी येतात. पहारेकऱ्यासारखे. त्यासाठी तीन गोष्टी लागतात. वेळ हवा, चुकांकडं लक्ष हवं, आणि नियम माहीत हवा. मीटिंगमध्ये तुमच्याकडं वेळ नव्हता, म्हणून सूत्र नडलं. ओतकामना मेल पाठवायच्या आधी पाच मिनिटं आहेत.

तुमच्या बाजूचा पुरावा मीच देतो. १९७९ ते १९८४ ह्या काळात एन. एस. प्रभू ह्यांनी बेंगळूरू आणि मद्रासकडच्या शाळांत एक प्रयोग केला. इंग्रजीच्या तासाला व्याकरण शिकवायचंच नाही. पोरांना रेल्वेचं टाइमटेबल द्यायचं, नकाशा द्यायचा आणि कामं सांगायची, अमुक गाडी चुकली तर पुढची कधी, इथून तिथं कसं जायचं. लक्ष काम सोडवण्यात असलं की भाषा आपसूक येते, हा विचार. जगभर त्याची चर्चा झाली, आजही होते.

विरुद्ध बाजूचा पण आहे. नॉरिस आणि ऑर्टेगा ह्या दोघांनी २००० साली ४९ अभ्यासांचे आकडे एकत्र मांडले. नियम उघड करून शिकवला तर फायदा जास्त दिसतो, असं निघालं. फक्त त्यातल्या पुष्कळ चाचण्या नियमांच्याच होत्या, हेही नोंदवलं गेलं. त्यामुळं कुणी फार उड्या मारू नयेत.

आणि दादोबांच्या आधीही मराठीचं छापील व्याकरण होतं. विल्यम कॅरीचं, १८०५ सालचं. ते मुख्यतः मराठी शिकणाऱ्या साहेब लोकांसाठी. तुकोबांना व्याकरण लागलं नाही, कारण ते घरचे होते. कॅरीच्या विद्यार्थ्यांना लागलं, ते पाहुणे होते. इंग्रजीच्या घरात ओतकाम पाहुणे आहेत. त्यांची मुलगी निम्मी घरची झालीय.


पुण्यात अडकलेला
मंगळवार, दुपारी २.१५

पाहुणा म्हणालात ते पटलं. बाकीचं बघू.


रंकाळा ते लीड्स
मंगळवार, रात्री ९.३०

इथं नर्स म्हणून काम करते, सहा वर्षं झाली. सुरुवातीचा माझा घोळ सांगते. ड्यूटी बदलताना पुढच्या नर्सला सांगायचं असतं. मी म्हटलं, 'शी वॉज ऑन ऑक्सिजन सिन्स मॉर्निंग.' तिनं विचारलं, "कधी बंद केलास?" मी म्हटलं, बंद कुठं केलाय, चालूच आहे! तिनं जाऊन आधी मास्क बघितला, मग माझ्याकडं बघितलं. 'हॅज बीन ऑन ऑक्सिजन' म्हणायला हवं होतं. 'वॉज' म्हटल्यावर तिच्या कानाला ते संपलेलं वाटलं. माझ्या डोक्यात 'सकाळपासून ऑक्सिजनवर होती' हे मराठी वाक्य होतं.

त्या दिवसापासून ही चूक एकदाही झाली नाही. पण नियम मला शाळेतनंच माहीत होता हो! परीक्षेत तर मी कधीच चुकले नसते. म्हणजे नियम असून उपयोग झाला नाही, आणि नसता तर काय चुकलं हे कळलंही नसतं. आता ह्याला कुणाच्या बाजूनं धरायचं ते तुम्ही ठरवा.

आणखी एक. इथं कुणी तोंडावर चूक काढत नाही. कळतंय ना, मग चालू द्या, असा स्वभाव. ऐकून ऐकून आपोआप सुधारेल ह्या भरवशावर राहिले असते तर काही चुका तशाच राहिल्या असत्या. आमच्या वॉर्डात एक अमेरिकन डॉक्टर आहेत, ते 'डिड यू ईट येट?' विचारतात. इथले लोक म्हणतात 'हॅव यू ईटन येट?' दोन्ही आपापल्या जागी बरोबर. ओतकाम, अमेरिकन गिऱ्हाईक असेल तर त्याच्या मेलमध्ये चूक आहे असं समजू नका.

रंकाळ्यावर पाऊस आहे का?


गंगावेस
मंगळवार, रात्री ९.४१

पडाय लागलाय ताई. भेळवाल्यांनी ताडपत्री ओढलीय.


सातवी गल्ली
मंगळवार, रात्री १०.०५

पावसावरनं आठवलं. 'इफ इट विल रेन' का चुकतं? पाऊस तर अजून पडायचाय, म्हणजे फ्यूचरच ना?


पेन्शनर बाई
बुधवार, सकाळी ७.५०

आता ट्रिक न मागता 'का' विचारलंस, म्हणून सविस्तर सांगते.

आपण मराठीत काय म्हणतो? 'पाऊस आला तर कुस्त्या पुढं ढकलतील.' 'आला' हे रूप कुठलं? भूतकाळाचं. पाऊस यायचा आहे उद्या, आणि आपण बिनधास्त 'आला' म्हणतो. कुणाला खटकत नाही, कारण भविष्य पुढच्या 'ढकलतील'मध्ये एकदा सांगून झालेलं असतं. 'तर'च्या घरात आपण भूतकाळ ठेवतो, इंग्रज 'इफ'च्या घरात वर्तमान ठेवतो, 'इफ इट रेन्स'. दोघंही त्या घरात भविष्य येऊ देत नाहीत. आपला घात होतो तो 'जेव्हा'पाशी. 'पाऊस येईल तेव्हा' असं मराठीत चालतं, म्हणून 'व्हेन इट विल रेन' लिहिलं जातं. तिथंही 'व्हेन इट रेन्स'च. आणि मग 'इफ'लाही त्याचीच सवय लागते.

ह्यावरनं एक जुनी गोष्ट. वर्गात मी एका पोराला हाक मारली, तो मागच्या बाकावरनं ओरडला, "आय केम बाई, आय केम!" सगळा वर्ग हसला, मीही हसले. घरी येऊन भाकरी थापताना लक्षात आलं की तो अगदी शुद्ध मराठी बोलला होता. 'आलो बाई, आलो!' आपण जागचे हललेलो नसतो आणि 'आलो' म्हणतो. काम इतकं जवळ आलंय की झालंच म्हणून समजा, हा त्यातला भाव. इंग्रजीत त्याला 'ॲम कमिंग'. दुसऱ्या दिवशी त्याला हे समजावून सांगावं असं मनात आलं होतं, पण तपासणीची गडबड होती, राहून गेलं. आज तो कुठं असेल कोण जाणे. वर्ग हसला एवढंच त्याच्या लक्षात राहिलं असेल.


ओतकाम
बुधवार, सकाळी ९.१०

बाई, आमच्या शाळेतही असंच हसायचे. मी त्यानंतर दहावीपर्यंत इंग्रजीच्या तासाला तोंड उघडलं नाही. सूत्रं लिहायची, मार्क घ्यायचे, बोलायचं नाही. पाठ करण्यात कुणी हसत नाही ना.

काल रात्री पोरीला बसवून मेल तपासल्या. तिला कान आहे, मला तक्ता आहे. ती म्हणायची 'हे कसंतरी वाटतंय', मी शोधायचो का वाटतंय. मागच्या महिन्याच्या सतरा मेलांत नऊ ठिकाणी नको तिथं 'हॅड' निघाला. एका ठिकाणी मात्र तिला कसंतरी वाटत होतं आणि मी बरोबर होतो. 'बाय द टाइम युवर मेल केम, वुई हॅड क्लोज्ड द फर्नेस.' तिथं खरंच दोन घटना होत्या. तिला ते समजावून सांगताना माझी कॉलर जरा ताठ झाली.


पुण्यात अडकलेला
बुधवार, सकाळी ९.३०

हे भारी केलंत दादा. मीटिंगमध्ये बोलताना मात्र तक्ता खिशात ठेवा.


ओतकाम
बुधवार, सकाळी ९.३८

खिशात म्हणजे खिशातच. तर आजची मेल टाकतोय, बघून सांगा.

'डिअर सर, वुई डिस्पॅच्ड द कास्टिंग्ज ऑन मंडे. द कंटेनर हॅज रीच्ड न्हावा शेवा. वुई आर वेटिंग फॉर शिपिंग बिल अँड विल सेंड यू अ कॉपी ॲज सून ॲज वुई गेट इट.'

शेवटी 'ॲज सून ॲज वुई विल गेट' लिहिलं होतं. सातवी गल्लीच्या पावसामुळं खोडलं.


बिंदू चौक
बुधवार, सकाळी ९.५०

पहिल्या वाक्यात सोमवारच्या गेटवर, दुसऱ्यात आजच्या खुर्चीवर, तिसऱ्यात काम चालू. झकास. बातम्यांतही बहुतेक असंच असतं. पहिलं वाक्य 'हॅव'मध्ये, काय झालंय ते. मग तपशील साध्या भूतकाळात, कधी आणि कसं. तुम्ही उलट क्रमानं लिहिलंत तरी काही बिघडत नाही.


पेन्शनर बाई
बुधवार, सकाळी १०.१५

काळ सगळे बरोबर. 'शिपिंग बिल'च्या आधी 'द' राहिला.


ओतकाम
बुधवार, सकाळी १०.१७

मेल गेली बाई! 'द'साठी वेगळा धागा काढतो.


नाद खुळा
बुधवार, सकाळी १०.१८

'काढतो' म्हणजे रोज काढतोस, की काढाय लागलाईस, की काढणार हाईस?